अव्वल तालुकदार ते जिल्हाधिकारी : परभणीच्या कारभाराचे शब्द

निजामकालीन परभणीचे जुने कागद वाचू लागलेल्या अभ्यासकाला पहिली ठेच लागते ती 'तालुकदार' या शब्दाशी. आजच्या कानाला तालुकदार म्हणजे तालुक्याचा कोणी अंमलदार वाटतो. अवधच्या इतिहासातून हा शब्द ओळखीचा झालेल्यांना तो बडा जमीनदार वाटतो. हैदराबाद संस्थानात मात्र तालुकदार हा जिल्ह्याचा अधिकारी होता आणि तालुक्यावर तहसीलदार असे. 'अव्वल तालुकदार' म्हणजे आजचा जिल्हाधिकारी, 'दुय्यम' आणि 'सोयम' हे त्याच्या हाताखालचे. शब्दाची अशी एक गाठ न सुटल्यामुळे एखादी कादंबरी, एखादे आत्मचरित्र, स्वातंत्र्यसैनिकाची एखादी आठवण चुकीची वाचली जाते हा आमचा वर्गातला नेहमीचा अनुभव आहे. 'माली पटेल' असे म्हटले की विद्यार्थ्यांना तो माळी समाजातला पटेल वाटतो. तिथला 'माल' हा फारसीतला, महसुलाचा. माली पटेल सारावसुलीचे काम पाही आणि पोलीस पटेल गावच्या बंदोबस्ताचे.

राज्याची कार्यकारी सत्ता कशी रचली आहे, ती जिल्ह्यात, तालुक्यात, गावात कशी उतरते, हा विषय नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एका तक्त्यात बसवलेला असतो. वर राज्यपाल, खाली मंत्रिमंडळ, त्याखाली सचिवालय, मग आयुक्त, जिल्हाधिकारी आणि बाजूला जिल्हा परिषद. तक्ता चुकीचा नाही, पण तो कोणत्या थरांवर उभा आहे हे त्यात दिसत नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात हे थर शब्दांच्या रूपाने अजून शाबूत आहेत, म्हणून आम्ही ते शब्दांच्या वाटेने पाहणार आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखातली वसुली मुख्यतः मक्त्याने चाले. ज्याने जास्त बोली केली किंवा दरबाराला आगाऊ रक्कम दिली त्याच्याकडे मुलूख जाई. त्याने किती उकळले याची फिकीर वर कोणाला नसे. त्या काळचा तालुकदार हा पगारी नोकर नव्हता, वसुलीतला हिस्सा घेणारा मक्तेदार होता. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले आणि १८८३ मधील मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. १८६५ मध्ये त्यांनी 'जिलाबंदी' केली. मुलखाचे जिल्हे पाडले, जिल्ह्यांचे तालुके केले, प्रत्येकावर पगारी अधिकारी नेमले. पुढे जिल्ह्यांवर सुभे आले. औरंगाबाद, बीड, नांदेड आणि परभणी हे जिल्हे औरंगाबाद सुभ्यात मोडत. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सालारजंगांनी व्यवस्था बदलली, पण तालुकदार हा शब्द बदलला नाही. कालपर्यंत जो शब्द मक्तेदाराचा होता तो आज सरकारी नोकराचा झाला. रयतेच्या दृष्टीने पाहिले तर त्याच नावाचा माणूस तीच मागणी घेऊन येत होता. त्याचा पगार आता खजिन्यातून निघतो हे तिला कळायला किती काळ लागला असेल?

या फेररचनेत ज्यांचे खरे स्थान गेले ते देशमुख आणि देशपांडे. परगण्याची वसुली पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हातात होती. ती काढून घेतली गेली आणि बदल्यात त्यांना 'रुसूम' म्हणजे ठरावीक रक्कम मिळू लागली. काम गेले, मान राहिला, आणि आडनाव तर राहिलेच. मराठवाड्यातील आडनावांची यादी म्हणजे मोडीत निघालेल्या पदांची यादी आहे : देशमुख, देशपांडे, देशपांड्यांच्या जोडीला चौधरी, पाटील, कुलकर्णी, पटवारी. ज्या घरात पद होते त्या घरात पुढे अनेक ठिकाणी सरपंचपद आणि सभापतीपदही आले, हा योगायोग नाही. पण तो मुद्दा पुढे येईल.

गावपातळीवर सालारजंगांची रचना फारशी शिरली नाही. पटेल आणि पटवारी वंशपरंपरागत राहिले. ज्याला पश्चिम महाराष्ट्रात कुलकर्णी म्हणत तोच इथे पटवारी. त्यांच्या खाली गावकामगार, त्यात महार समाजाकडे चाललेली कामे मोठी : सारा तालुक्याला पोचवणे, सरहद्दीची साक्ष देणे, अंमलदाराचा मुक्काम पडला की त्याची सरबराई. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. निजामाच्या मुलखात असे विधेयक ज्यापुढे न्यावे असे, सामान्य रयतेने निवडलेले विधिमंडळ त्या वेळी नव्हते. राज्यकारभाराच्या शिडीचे वर्णन करताना आपण वरच्या पायऱ्यांची नावे सांगतो. शिडी ज्यांच्या खांद्यावर टेकलेली होती त्यांचा उल्लेख तळटीपेतही येत नाही.

शिवाय ही सगळी रचना होती ती 'दिवाणी' मुलखापुरती. संस्थानाचा फार मोठा भाग जहागिरींखाली होता आणि खुद्द निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखलेला 'सर्फेखास' मुलूख वेगळा. म्हणजे एकाच जिल्ह्यात शेजारशेजारच्या दोन गावांना दोन वेगळी सरकारे असू शकत. मोठ्या जहागिरदारांचे स्वतःचे पोलीस आणि स्वतःचे न्यायाधीशही असत. आपण आज 'जिल्हा' म्हणतो तेव्हा एकसंध असे काही डोळ्यांसमोर येते. १९४८ पूर्वीचा परभणी जिल्हा नकाशावर एकसंध होता, कारभारात ठिगळांचा होता.

वरच्या टोकाला १९१९ मध्ये 'बाबे हुकूमत' नावाचे कार्यकारी मंडळ आले. त्याचा अध्यक्ष तो 'सदरे आजम', सदस्य ते 'सदरुल महाम', खात्याचा सचिव तो 'मोतमद', खातेप्रमुख तो 'नाजिम'. पण मंडळाने काहीही ठरवले तरी अखेरचा शब्द निजामाच्या फर्मानाचा, आणि ते फर्मान 'जरीदा' या सरकारी राजपत्रात छापून आले की संपले. कालगणनाही वेगळी, फसली. महिने आजूर, दय, बहमन असे. १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा म्हणजे १९०७-०८ चा कायदा. हा हिशेब ज्याला येत नाही त्याला मराठवाड्यातील जमिनीचा जुना दावा वाचता येत नाही. तो कायदा इथे निजामाबरोबर संपला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, ती अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ रोजी. तोवर, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यावरही सात वर्षे, परभणीचा तहसीलदार निजामी कायद्याची कलमे लिहीत होता.

आता भाषेचा प्रश्न. १८८० च्या दशकात दफ्तराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. संस्थानात मराठी बोलणारे लोकसंख्येच्या सुमारे एक चतुर्थांश होते, तेलुगू बोलणारे त्याच्या जवळजवळ दुप्पट. उर्दू ही थोड्यांची मातृभाषा. परभणीच्या शेतकऱ्याला अर्ज द्यायचा तर तो लिहून घ्यावा लागे, निकाल लागला तर तो वाचून घ्यावा लागे. दोन्ही ठिकाणी मधला माणूस आला, आणि मधला माणूस फुकट मिळत नसतो. उर्दू ही परकी भाषा, तिने मराठीवर अत्याचार केला, असा सोपा निष्कर्ष काढणारे लेखन आपल्याकडे बरेच आहे. आम्हाला ते पटत नाही. उर्दू मराठवाड्याच्या बाजारात, कवितेत, मैत्रीत होतीच आणि आहे. अडचण उर्दूची नव्हती. राज्यकर्त्यांना रयतेची भाषा शिकण्याची गरज वाटत नव्हती ही अडचण होती, आणि तिला मराठी, उर्दू, इंग्रजी अशी कोणतीही भाषा चालते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना याचे जवळचे उदाहरण बी. रघुनाथ यांचे. भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३-१९५३) हे त्यांचे पूर्ण नाव. आयुष्य परभणीत गेले, नोकरी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात, कारकुनाची. आडनाव गावच्या जुन्या पदाचे, पोट नव्या दफ्तरावर आणि लेखणी मराठी कवितेची. 'आलाप आणि विलाप' लिहिणारा हा कवी दिवसभर ज्या कागदांत बसे ते कागद दुसऱ्याच भाषेतले. त्यांच्या गद्याविषयी बोलताना समीक्षक त्यांची भाषा 'मराठवाडी' आहे, उर्दूमिश्रित आहे असे सांगून थांबतात. पण ते मिश्रण नुसते बोलीचे नाही. दफ्तरातले शब्द ज्या माणसाने रोज हाताळले त्याच्या लेखनात सत्तेचा शब्द आणि घरातला शब्द एकमेकांकडे कसे पाहतात हे तपासायला हवे. 'आडगावचे चौधरी' या कादंबरीचे शीर्षकच एका पदाचे नाव आहे.

स्थानिक स्वराज्य असे काही निजामी राजवटीत नव्हतेच असे म्हणता येणार नाही. सारारकमेवर पट्टी बसवून रस्ते, शाळा, दवाखाने यांसाठी 'लोकलफंड' उभा करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि जिल्हा व तालुका पातळीवर मंडळेही आली. पण मंडळाच्या शिरावर तालुकदारच. पैसा स्थानिक, स्वराज्य मात्र नाही, अशी ती गंमत होती. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. या परिषदेतून आणि पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसमधून जी मागणी वाढत गेली ती जबाबदार राज्यपद्धतीची. 'जबाबदार' हाही फारसीच शब्द. जबाब देणारा तो जबाबदार. ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही तो जबाबदार कसा होणार, एवढा साधा अर्थ त्या मागणीत होता.

सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई पाच दिवसांत आटोपली. १७ सप्टेंबरनंतर जे झाले त्याला मात्र काही वर्षे लागली. लष्करी प्रशासन आले, मुंबई आणि मध्य प्रांतातून अधिकारी पाठवले गेले, तालुकदाराचा कलेक्टर झाला. १९४९ मध्ये सर्फेखास दिवाणीत विलीन झाला आणि त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या. परभणी जिल्हा कारभाराच्या अर्थाने एक जिल्हा झाला तो तेव्हा. १९५० चा कूळ कायदा, पाठोपाठ इनामांविषयीचा कायदा, १९५४-५५ चे खासरा पत्रक ही सगळी त्याच दशकातली कामे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे एखाद्या पटवाऱ्याने बारा वर्षांच्या आत निजामाची, लष्करी प्रशासकाची, हैदराबाद राज्याची, मुंबईची आणि महाराष्ट्राची अशी पाच सरकारे पाहिली. त्याचे दप्तर तेच, बस्ता तोच. आणि मग त्याचीच पाळी आली. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद गेले आणि पटवाऱ्याच्या जागी बदलीपात्र, पगारी तलाठी बसला. सालारजंगांनी जे जिल्ह्यात केले ते गावात व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

याच सुमारास महाराष्ट्राने एक असा निर्णय घेतला की ज्याचे महत्त्व आज पुरेसे आठवले जात नाही. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासाची मुख्य जबाबदारी गटपातळीवर टाकावी असे सुचवले होते. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ च्या अहवालात महाराष्ट्रासाठी वेगळी वाट धरली. बळकट घटक हवा तो जिल्हा, आणि जिल्हा परिषदेत जिल्हाधिकारी नको. १ मे १९६२ पासून परभणीसह सगळीकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हापासून जिल्ह्यात दोन शिड्या उभ्या आहेत. एक जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी अशी उतरते. जमीन, महसूल, दाखले, निवडणूक, दुष्काळ हे तिच्याकडे. दुसरी मुख्य कार्यकारी अधिकारी, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक अशी, आणि तिच्या प्रत्येक पायरीशेजारी एक निवडून आलेला माणूस : अध्यक्ष, सभापती, सरपंच. शाळा, आरोग्य केंद्र, पाणी, रस्ते हे तिच्याकडे. लोकलफंडाच्या काळात जो तालुकदार दोन्ही होता त्याचे जाणीवपूर्वक दोन तुकडे केले गेले. जिल्हाधिकाऱ्याला त्या सभागृहाबाहेर ठेवण्यामागे हा अनुभव होता असे आम्हाला वाटते. अर्थात सभागृहात जे आले त्यांत देशमुख-पाटलांची घरे प्रथम आली हे वर सांगितलेच. सत्तेचा वारसा कायद्याने जातो, सवयीने रेंगाळतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ नंतर, आरक्षणाने हे चित्र काहीसे हलले. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा आहेत. बोलीने यावर लगेच 'सरपंचपती' हा शब्द घडवला. कोणत्याही अहवालापेक्षा हा शब्द अधिक नेमके सांगतो.

नव्या राज्याने शब्दांचे काम मुद्दाम हाती घेतले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, त्याने 'पदनाम कोश' काढला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. कलेक्टर कागदावर जिल्हाधिकारी झाला, कमिशनर आयुक्त, बी.डी.ओ. गटविकास अधिकारी. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला होता, त्या परंपरेशी हे काम जोडले गेले. ते योग्यच होते. पण संस्कृत घडणीचा शब्द शेतकऱ्याला उर्दू शब्दाइतकाच अपरिचित असू शकतो. परभणीच्या बाजारात आजही 'कलेक्टर ऑफिस'ला रिक्षा मिळते. गंमत अशी की कोशकारांच्या हातून जे सुटले ते निजामाचे आणि त्याही आधीचे : तहसीलदार, जिल्हा, तालुका, नक्कल, पंचनामा, जमाबंदी, दस्तऐवज. वरच्या पदांना संस्कृत मिळाली. रोजच्या कामाला फारसीच पुरली.

जिल्ह्याची हद्दही या काळात आखूड होत गेली. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला आणि त्याबरोबर कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव गेले. उरले ते परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, पूर्णा, पालम, सोनपेठ आणि मानवत असे नऊ तालुके. २०११ मध्ये परभणी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. लहान जिल्हा म्हणजे जवळचे सरकार, ही प्रत्येक विभाजनामागची अपेक्षा. अंतर कमी झाले हे खरे. दाखल्यासाठी मारावे लागणारे हेलपाटे त्याच प्रमाणात कमी झाले का, हे हेलपाटे मारणाऱ्यांना विचारावे.

या साऱ्याला जुनेपुराणे समजून बाजूला ठेवता येत नाही, याचे प्रत्यंतर २०२३ मध्ये आले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींत 'कुणबी' हा शब्द शोधण्याचे काम सुरू झाले. तहसील कचेऱ्यांतले बस्ते सुटले. आत मोडी आणि उर्दू. वाचणारे मोजके. एका शब्दावर एका कुटुंबाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून, आणि तो शब्द ज्या लिपीत आहे ती लिपी आमच्या विद्यापीठांनी अभ्यासक्रमाच्या कडेला ढकललेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला तेव्हा त्यावर बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. आरक्षणाच्या वादात आम्हाला इथे शिरायचे नाही. पण मराठी विभागांनी मोडी शिकवणे सोडून दिले, उर्दू विभागांशी कधी बोलणे ठेवले नाही, याचा हिशेब कचेरीत मांडला गेला तो असा.

दुसरीही एक गोष्ट याच वर्षांतली. मार्च २०२२ मध्ये राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, त्यांत परभणीचीही होती. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या. निवडणुका घ्या असा स्पष्ट आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे २०२५ मध्ये. मधली तीनहून अधिक वर्षे जिल्हा परिषदेत अध्यक्ष नाही, पंचायत समितीत सभापती नाही, कारभार 'प्रशासक' म्हणून अधिकाऱ्याकडे. शाळा चालल्या, पगार झाले, फायली हलल्या. नाईक समितीने शिडीच्या प्रत्येक पायरीशेजारी जो निवडलेला माणूस उभा केला होता तो तेवढा नव्हता. ही स्थिती खरे तर लोकलफंडाच्या मंडळाला ओळखीची वाटली असती. आणि तिच्याविषयी गावोगाव ज्या प्रमाणात शांतता राहिली, ती आम्हाला त्या स्थितीपेक्षाही अधिक विचार करायला लावते.

शब्द तर अजून बदलत आहेत. २०२४ मध्ये तलाठ्याचे 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आणि ग्रामसेवकाचे 'ग्रामपंचायत अधिकारी'. सेवक गेला, अधिकारी आला. शासन निर्णयाच्या शेवटी पूर्वीप्रमाणेच राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने असे छापलेले असते. पालमच्या किंवा सोनपेठच्या एखाद्या गावात सातबारा आणायला निघालेल्या म्हाताऱ्याला विचारले तर तो अजूनही तलाठ्याकडे चाललो असेच सांगतो. त्याच्याहून म्हातारा असेल तर पटवाऱ्याकडे.